एएमसीचा रेट कसा काढायचा : नाशकात कॉम्प्युटर मेंटेनन्सचा धंदा नवीन सुरू केलेल्यांसाठी

माझं पहिलं एएमसी, म्हणजे वर्षभर कॉम्प्युटर सांभाळायचा करार, अंबडच्या एका कंपनीचं. १८ कॉम्प्युटर, १ सर्व्हर, ४ प्रिंटर. मालकांनी फोनवरच विचारलं, "पर पीसी काय घेता?" आणि मी आदल्या आठवड्यात एमजी रोडला चहा पिताना दुसऱ्या एका व्हेंडरच्या तोंडून ऐकलेला आकडा ठोकून दिला, बाराशे. १८ गुणिले १२०० म्हणजे वर्षाचे २१,६०० रुपये, आणि सर्व्हर-प्रिंटर "ते त्यातच बघा हो" म्हणून फुकटात. मी इतका खूश की घरी जाताना पेढे घेऊन गेलो.

वर्षाच्या शेवटी हिशोब केला तेव्हा कळलं की पेढे महाग पडले. आमच्याकडचा पोरगा पेट्रोलचे पैसे मागायला सोपं जावं म्हणून प्रत्येक फेरी, गेल्याची वेळ, निघाल्याची वेळ सगळं डायरीत लिहून ठेवायचा, त्या डायरीची बेरीज केली तर त्या एका कंपनीवर १३१ तास गेले होते. २१,६०० भागिले १३१, तासाला १६५ रुपये. त्यातूनच पोराचा पगार, पेट्रोल, गाळ्याचं भाडं, आणि उरलं तर मी.

त्यानंतर जी पद्धत बसली ती खाली लिहितोय. आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील, त्यामुळे पद्धत उचला, आकडे उचलू नका.

१. आधी आपला तासाचा रेट काढा

कस्टमरचे पीसी मोजायच्या आधी स्वतःचा महिन्याचा खर्च कागदावर घ्या. माझा साधारण असा होता :

- माझा स्वतःचा पगार २५,०००
- पोराचा पगार १४,०००
- गाळ्याचं भाडं ६,०००
- पेट्रोल ५,०००
- टूल्स, जवळ ठेवायचे पार्ट, खराब निघालेले पार्ट २,५००
- फोन आणि नेट १,२००
- सीए, प्रोफेशन टॅक्स वगैरे १,५००
- रिमोट सॉफ्टवेअर (जागेवर न जाता मशीन बघायला) १,०००
- किरकोळ १,८००

एकूण ५८,०००. पहिली ओळ बघा, स्वतःचा पगार. नव्वद टक्के नवीन लोक (माझ्यासकट) हीच ओळ लिहीत नाहीत, "उरेल तो माझा" म्हणतात, आणि मग उरत काहीच नाही कारण रेटमध्ये तो धरलेलाच नसतो.

आता तास. दोघं माणसं, २६ दिवस, ८ तास म्हणजे कागदावर ४१६ तास होतात. पण द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला अर्धा तास, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा" म्हणून गेलेला पाऊण तास, पेमेंटसाठी मारलेल्या चकरा, कोटेशन बनवणं, पार्ट आणायला जाणं, याचं बिल कुणाला लावणार? माझ्या अनुभवात निम्मेच तास खरे कामाचे निघतात. म्हणजे २०८. ५८,००० भागिले २०८, साधारण २८० रुपये. हा झाला ना नफा ना तोटा रेट. त्यावर पंचवीस टक्के नफा आणि अडीअडचणीचे धरले की ३५० रुपये तास.

हा ३५० कस्टमरला कधीच सांगायचा नाही बरं का, नाहीतर तो प्रत्येक कॉलला घड्याळ लावून बसेल. हा फक्त आपल्या वहीसाठी.

२. फोनवर रेट द्यायचा नाही, सर्व्हे करायचा

"पर पीसी काय घेता" ला माझं आता ठरलेलं उत्तर आहे, "सर, एकदा मशीन बघून जातो, मग लेखी देतो, बघायचे पैसे नाहीत." यावर जो चिडतो तो नंतर पेमेंटलाही चिडतो, तो गेला तर जाऊ द्या.

सर्व्हेला गेल्यावर नुसते डबे मोजून येऊ नका. प्रत्येक मशीनचं वय, प्रोसेसर कितव्या जनरेशनचा, हार्डडिस्क आहे की एसएसडी, रॅम किती, वॉरंटी शिल्लक आहे का, हे सगळं लिहा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरवर दोन मिनिटात दिसते, ती किती तास चालली तेही दिसतं. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठवी जनरेशन किंवा पुढची, त्यामुळे जुनी मशीन किती आहेत हे तुम्हाला सही करायच्या आधी माहीत पाहिजे. सही झाल्यावर "आता हे अकरा वर घ्या, एएमसीमध्येच ना?" असं ऐकून घ्यायची वेळ येते.

मल्टिमीटर नेता का सर्व्हेला? न्या. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझे वर्षात पाच एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) उडाले, मी आपला बदलत बसलो, शेवटी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं तर सतरा आलं. ते दोन-तीनच्या वर गेलं की समजायचं अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे आणि कॉम्प्युटरवाल्याने कितीही पार्ट बदलले तरी उपयोग नाही. तसंच ग्राइंडिंग, लेथ जिथे चालतं तिथली धूळ ही घरच्या धुळीसारखी नसते, लोखंडाचा बारीक चुरा आणि तेलाची वाफ मिळून फॅनवर काळा लेप बसतो, ब्लोअरने जात नाही. अशा शॉप फ्लोअरवरच्या मशीनला मी ऑफिसच्या मशीनच्या दीडपट वेळ धरतो.

आणि एक प्रश्न नक्की विचारा, "आधीचे कोण बघायचे, त्यांनी का सोडलं?" उत्तर काय येतं त्यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

३. पीसी नाही, कॉल मोजायचे

दहा पीसीचं सीए ऑफिस आणि दहा पीसीची शाळेची लॅब यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शाळेत एक बंद पडला तर पोरं दुसऱ्यावर बसतात. सीएच्या ऑफिसमध्ये जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्रिंटर अडला तर रात्री दहाला फोन येणार. द्राक्ष एक्स्पोर्टवाल्या पॅकहाउसचं सगळं काम जानेवारी ते एप्रिल, तेव्हा लेबल प्रिंटर बंद म्हणजे कंटेनर उभा, आणि पुढे पावसाळाभर त्यांचा एक फोन नाही. म्हणून कस्टमरला विचारा महिन्याला साधारण किती वेळा कुणाला बोलवावं लागतं, जुनी बिलं किंवा कॉल स्लिप दाखवतील तर सोन्याहून पिवळं.

त्या अंबडच्या कंपनीचं दुसऱ्या वर्षीचं गणित मी असं मांडलं, पहिल्या वर्षी बरीच साफसफाई झाली होती म्हणून कॉल थोडे कमी धरले :

- दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग, एका वेळी ७ तास, वर्षाला २८ तास
- महिन्याला ५ कॉल, त्यातले २ रिमोटवर अर्धा-अर्धा तास, ३ जागेवर दीड-दीड तास, म्हणजे महिन्याला साडेपाच आणि वर्षाला ६६ तास
- सर्व्हर आणि बॅकअप बघणं महिन्याला २ तास, वर्षाला २४ तास

एकूण ११८ तास. गुणिले ३५०, म्हणजे ४१,३०० रुपये. मी पहिल्या वर्षी घेतलेल्या पैशाच्या जवळपास दुप्पट. यात गावातला प्रवास वेगळा लावला नाही कारण तो वर निम्मे तास सोडले त्यात आलाच, दोनदा धरू नका. पण सिन्नर, माळेगाव, पिंपळगाव बसवंत असं तीसेक किलोमीटरवरचं काम असेल तर जाण्यायेण्याचा वेळ आणि पेट्रोल वेगळं जोडा, नाहीतर "अर्ध्या तासाचं काम" अर्धा दिवस खातं. बाहेरगावचं एकच कस्टमर असेल तर शक्यतो त्याच रोडवर दुसरं शोधा, एका फेरीत दोन झाले की दोघांनाही रेट परवडतो.

बॅकअपच्या त्या २४ तासांना कुणी हसतं, "बॅकअप तर ऑटो आहे ना". ऑटो असतो, बंद पण ऑटोच पडतो. महिन्यातून एकदा एखादी फाइल रिस्टोअर करून बघायची आणि त्या दिवशी कस्टमरची सही घ्यायची. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा गेला की तुमच्या अकराशे चांगल्या कॉलची किंमत शून्य होते.

४. पार्टसकट घ्यायचं का?

दोन प्रकार असतात. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे फक्त सर्व्हिस, पार्टचं बिल वेगळं. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पार्टसकट. नवीन माणसाने पहिलं वर्षभर फक्त पहिला प्रकार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे तुम्ही दुरुस्तीवाले कमी आणि विमा कंपनी जास्त, आणि विमा कंपनीकडे हजारो गिऱ्हाइकं असतात, आपल्याकडे सहा. एका महिन्यात दोन मदरबोर्ड गेले की त्या कस्टमरचं वर्ष संपलं.

घ्यायचंच असेल तर गेल्या वर्षीची त्यांची पार्टची बिलं मागा. समजा २७,००० ची निघाली तर त्यावर तीस टक्के चढवून ३५,१०० धरा आणि ते सर्व्हिसच्या रकमेत मिळवा. पाच वर्षांपेक्षा जुनं मशीन घेऊ नका. आणि वर्षाला जास्तीत जास्त इतक्याच रुपयांचे पार्ट, अशी मर्यादा लिहा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे चढले ते आठवतंय ना, आधी जुन्या भावाने पार्टसकट रेट देऊन बसलेल्यांनी कपाळाला हात लावला.

५. काय नाही ते जास्त सविस्तर लिहा

कोटेशनमध्ये आपण काय देणार ते सगळे लिहितात. भांडणं होतात ती न लिहिलेल्यावरून. माझ्या एएमसीत हे नाही असं मी सरळ छापलंय : टोनर, कार्ट्रिज, ड्रम, टेफ्लॉन, प्रिंट हेड, यूपीएस आणि लॅपटॉपची बॅटरी, लॅपटॉपचा डिस्प्ले, पाणी-चहा सांडणं, वीज कोसळणं, उंदराने वायर कुरतडणं. टॅलीच्या एन्ट्रीचे प्रॉब्लेम टॅलीवाल्याचे. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, इंटरकॉम नाही. नाही लिहिलं तर जाता जाता "ते कॅमेरे पण बघा ना जरा" होतं, आणि त्या "जरा" मध्ये शिडीवर चढून दोन तास जातात.

डेटाबद्दल एक ओळ हवीच, की डेटाची जबाबदारी कस्टमरची, आपण बॅकअप लावून देऊ आणि तपासू पण गेलेल्या डेटाची भरपाई देणार नाही.

पायरेटेड सॉफ्टवेअर टाकून देणार नाही हेही लिहा. सुरुवातीला वाटतं कस्टमर तुटेल. पण कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून पायरेटेड प्रोग्रॅम वापरण्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि विचारणा झाली की मालक पहिलं बोट कॉम्प्युटरवाल्याकडेच दाखवणार.

वेळेचा शब्द जपून वापरा. "चार तासात अटेंड करू" लिहा, "चार तासात दुरुस्त करू" कधीच लिहू नका, पार्टच मुंबईहून यायचा असेल तर तुम्ही काय करणार? सुट्टीचे दिवस लिहा. अंबड-सातपूरला बऱ्याच कंपन्यांची सुट्टी शनिवारी आणि आपली रविवारी, म्हणजे त्यांचा रविवार कामाचा, हे आधीच बोलून घ्या नाहीतर तुमचा प्रत्येक रविवार गेला. आणि पंचवटी, रविवार कारंजा या भागात कस्टमर असेल तर कुंभमेळ्याच्या स्नानाच्या दिवसांत फक्त रिमोट सपोर्ट, अशी ओळ मी या वेळेपासून टाकलीय. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाडी घेऊन तिकडे पोचणारा माणूस मला भेटायचाय.

६. जीएसटी, टीडीएस आणि बिल

हे कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच अडकतात. सर्व्हिस देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर लागतो. यात गंमत अशी की ४० लाखांची मर्यादा फक्त नुसता माल विकणाऱ्यांना आहे, तुम्ही एएमसी पण करता आणि लॅपटॉप पण विकता तर दोन्ही मिळून २० लाखच धरायचे, आणि चाळीस हजारांचे पन्नास लॅपटॉप विकले की ते भरतात. नंबर नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. असेल तर एएमसीवर १८ टक्के, बिलावर टाकायचा सर्व्हिसचा कोड ९९८७१३. म्हणजे ४१,३०० वर ७,४३४. कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" हे ठळक लिहा, मी एकदा विसरलो आणि मालक म्हणाले "आपलं तर सगळं धरून ठरलं होतं."

वर्षाचं एकच बिल फाडायचा मोह होतो. पण एकदा बिल दिलं की पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात पूर्ण वर्षाचा जीएसटी आपल्या खिशातून भरायला लागतो. म्हणून तिमाही बिल, आणि ते तिमाहीच्या सुरुवातीला, ॲडव्हान्स. महिना संपल्यावर बिल देणारे आयुष्यभर मागेच राहतात.

कंपनी टीडीएस (पेमेंटमधून आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापू शकते. साधा मालकीचा धंदा असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के, आणि तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर, बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर. कापला की गेला असं समजू नका, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतो का ते बघा, रिटर्न भरताना मिळतो. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, कुणाला हजार रुपये देऊ नका. त्याचा उपयोग असा, की तुमच्याशी लेखी करार असेल तरी कस्टमरला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर केला आणि वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा. मार्चमध्ये त्यांचा सीएच तुमचं पेमेंट काढून देतो.

कंपनीत व्हेंडर म्हणून नाव लावायला हे लागतं : पॅन, आधार, उद्यम सर्टिफिकेट, शॉप ॲक्टचा कागद, प्रोफेशन टॅक्सचा नंबर (धंदेवाल्याला वर्षाला २,५००), असेल तर जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक. सगळ्याची एक पीडीएफ करून मोबाइलमध्ये ठेवा, मागितल्यावर पाच मिनिटात पाठवली की इंप्रेशन पडतं.

७. घासाघीस झाली तर काम कमी करा, रेट नाही

"तो अमका पर पीसी १,००० मध्ये करतो." करू द्या. माझं उत्तर असतं, सर पैसे कमी करायचे तर काम कमी करू. चारऐवजी दोन सर्व्हिसिंग केल्या तर १४ तास वाचतात, म्हणजे ४,९०० कमी, ४१,३०० चे ३६,४००. माणसाला कारण दिसलं की पटतं, नुसते गोल आकडे कमी केले की त्याला वाटतं आधी चढवूनच सांगितले होते.

सुरुवातीला साचलेलं काम असतं, व्हायरस भरलेली मशीन, लटकलेल्या केबल, आधीच्या माणसाकडेच असलेले ॲडमिनचे पासवर्ड. ते एएमसीत ओढून घेऊ नका, एकदाच घ्यायचे वेगळे पैसे लावा. पासवर्ड लेखी हातात आल्याशिवाय तारीख सुरू करू नका. मध्येच नवीन पीसी आले तर उरलेल्या महिन्यांचे पैसे वाढतील, आणि दोघांपैकी कुणीही ३० दिवसांची नोटीस देऊन थांबू शकतो, या दोन ओळीही टाका.

८. पहिल्या दिवसापासून डायरी

बॅगेत काय लागतं ते तुम्हाला माहीतच असेल, स्क्रू ड्रायव्हर सेट, ब्लोअर, ब्रश, खोडरबर, थर्मल पेस्ट, सीआर२०३२ सेल, एक चालू एसएमपीएस, एक एसएसडी, बूटेबल पेनड्राइव्ह, क्रिंपिंग टूल, लॅन टेस्टर, मल्टिमीटर. त्यात डायरी घाला. ॲप नको, पोरं भरत नाहीत. तारीख, आत गेल्याची वेळ, निघाल्याची वेळ, काय केलं, आणि ज्याच्या मशीनवर काम केलं त्याची सही. दर तिमाहीला बेरीज करा, धरलेल्या तासांपेक्षा जास्त जातायत का बघा, आणि रिन्यूअलच्या एक महिना आधी ती डायरी घेऊनच कस्टमरकडे जा.

अंबडच्या मालकांसमोर मी तेच केलं. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, एका जागी थांबले, "कीबोर्डवर चहा सांडला, तीन वेळा? कोण आहे हा?" मी म्हटलं, सही बघा. सही त्यांचीच होती. हसले, दोन सर्व्हिसिंगवर ३६,४०० अधिक जीएसटी ठरलं, प्रिंटर चारच्या चारही लिहून घेतले. त्यांच्या मुलीचा घरचा लॅपटॉप मात्र मी अजून फुकटातच बघतो, वहिनी चहा छान करतात, आणि तो अजून एकदाही त्यावर सांडलेला नाही.